पूलच्या रेंडरमध्ये पाण्यातला उजेड खरा कसा दिसेल? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात घोडबंदर रोड असो, कोलशेत असो की नवी मुंबईकडे खारघर, उलवे, सीवूड्स, नव्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकात पोडियमवरच्या, म्हणजे पार्किंगच्या मजल्यांच्या गच्चीवरच्या, पूलचं रेंडर, म्हणजे कॉम्प्युटरवर बनवलेलं चित्र, हमखास असतं. घर घेणारं कुटुंब त्या चित्रापाशी रेंगाळतं, म्हणून बिल्डर त्याच व्ह्यूवर सगळ्यात जास्त दुरुस्त्या सांगतो. थ्रीडीचं काम करणारी मुलंमुली आणि आर्किटेक्टच्या ऑफिसमधली मंडळी याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझं म्हणणं एकच आहे: तळावरची उजेडाची जाळी हा वरून मारायचा इफेक्ट नाही. सूर्य कुठे आहे, पाणी किती खोल आहे आणि पृष्ठभाग किती हलतोय, हे ती जाळी सांगत असते. या तीन गोष्टी बरोबर बसवल्या की निम्म्याहून जास्त काम झालं.

तळावर ती चमकदार जाळी पडते कशी?

पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड आत शिरताना किती वाकतो ते सांगणारा आकडा, १.३३३. पृष्ठभाग सपाट असेल तर सगळे सूर्यकिरण सारखेच वाकतात आणि तळ एकसारखा उजळतो. पृष्ठभागावर लाट असली की तिचा फुगीर माथा भिंगाचं काम करतो, किरण एकत्र आणतो, आणि ते जिथे जुळतात तिथे प्रखर रेघ उमटते. खोलगट भागाखाली किरण पांगतात, तिथे तळ मंद दिसतो. रेंडरच्या भाषेत यालाच कॉस्टिक्स म्हणतात.

लाटेच्या माथ्याची जी वक्रता-त्रिज्या असेल, तिच्या साधारण चौपट खोलीवर किरण एकत्र येतात. सोसायटीच्या पूलची नेहमीची खोली चार फूट, म्हणजे १.२ मीटर धरा. तर ३० सेंटिमीटर त्रिज्येच्या माथ्याखाली तळावर अगदी रेखीव जाळी पडेल. तेच पाणी, तोच वारा, पण बेबी पूलमध्ये खोली दीड-दोन फूटच. तिथे किरण पूर्ण जुळायच्या आधीच तळ येतो आणि रेघांऐवजी रुंद, मऊ पट्टे दिसतात.

पूलच्या पायऱ्यांवर हे सगळं एका नजरेत दिसतं. सकाळी दहाच्या सुमाराला ऊन असलेल्या बाजूला उभं राहून बघा. वरच्या पायरीवर नुसती हलती झाक असते, खालच्या पायऱ्यांवर रेघा बारीक होत जातात, आणि त्याहून खोल गेलं की रेघा एकमेकींना ओलांडून दुहेरी होतात, त्यांच्या कडा मऊ पडतात. एकच टेक्स्चर (पृष्ठभागावर चिकटवायचं चित्र) पायऱ्यांपासून खोल टोकापर्यंत सारखं ताणलं की चित्र खोटं वाटतं ते यामुळे. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं.

मग लाटा किती उंच ठेवायच्या?

नवशिके वाजवीपेक्षा खूप उंच ठेवतात. लाटेची लांबी २० सेंटिमीटर असेल तर १.२ मीटर खोलीवर रेखीव जाळी पडायला मध्यरेषेपासून साडेतीन मिलिमीटरची उंची पुरते. लांबी ३० सेंटिमीटर असेल तर साडेसात मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ शांत दिसणाऱ्या पाण्याखालीच सगळ्यात सुंदर जाळी असते. पृष्ठभागावर ठसठशीत लाटा दिसत असतील तर त्यांखालची जाळी विस्कटलेली असायला हवी.

ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमधला ओशन मॉडिफायर समुद्रासाठी बनवलेला आहे. त्याचा मूळ आकार मोठा आणि लाटा वाऱ्याच्या दिशेने जाणाऱ्या. पूलमध्ये लाटा चारही भिंतींवर आपटून परततात, त्यामुळे त्या सगळीकडून येतात आणि जाळीला ठरावीक दिशा नसते. वेगवेगळ्या मापांचे दोन-तीन नॉईजचे (अनियमित चढउतारांचे) थर एकमेकांवर चढवून डिस्प्लेसमेंट द्या, म्हणजे पृष्ठभाग त्यांनुसार वरखाली करा, काम होतं. पृष्ठभागाच्या चौकोनांचं जाळं (मेश) मात्र दाट हवं. २५ बाय १० मीटरच्या पूलवर दोन सेंटिमीटरचे चौकोन पाडले तर सव्वासहा लाख होतात, एक सेंटिमीटरचे पाडले तर २५ लाख. दोन सेंटिमीटरवर सुरुवात करा, स्मूद शेडिंग चालू ठेवा. कमी चौकोनांत केलं तर तळावर जाळीऐवजी चक्क त्रिकोणी ठिपके दिसू लागतात.

पाण्याचं मटेरियल लावलं की तळ काळाकुट्ट का होतो?

रेंडर इंजिन सूर्याकडे सरळ सावलीचा किरण सोडतं, वाटेत पाणी लागतं, आणि काचेसारखं मटेरियल तो किरण अडवतं. कॉस्टिक्स बंद असतील तर तळापर्यंत सूर्य पोहोचतच नाही. व्ही-रे या इंजिनात रिफ्रॅक्शनखालचं अफेक्ट शॅडोज चालू केलं, किंवा ब्लेंडरच्या सायकल्स या इंजिनात लाइट पाथ नोडने सावलीच्या किरणांपुरतं पाणी पारदर्शक केलं, की तळ उजळतो. पण तो सपाट उजळतो, जाळी येत नाही. लांबून दिसणाऱ्या पूलला एवढं चालतं, जवळच्या व्ह्यूला चालत नाही.

एक तपासणी आधी करा. पाण्याचा आकार बंद असावा आणि तो भिंतीच्या टाइलमध्ये किंचित शिरलेला असावा. पाणी आणि टाइल यांच्यात हवेची बारीक फट राहिली तर कडेला चंदेरी पट्टी दिसते आणि पाणी काचेच्या ठोकळ्यासारखं वाटतं.

कॉस्टिक्स चालू केले, पण नुसते पांढरे ठिपके येतात. सॅम्पल वाढवून फायदा होईल का?

फारसा नाही. सॅम्पल म्हणजे दर पिक्सेलला सोडलेले किरण. साधं पाथ ट्रेसिंग कॅमेऱ्यापासून निघतं. किरण पाण्यातून तळावर जातो, तिथून कुठल्या तरी दिशेला उडतो, पुन्हा पाण्यातून बाहेर पडतो, आणि तेव्हा तो नेमका सूर्यावर आदळला तरच जाळीचा उजेड मोजला जातो. सूर्याची तबकडी जेमतेम ०.५३ अंशांची, म्हणजे आभाळाच्या अर्धगोलाचा साधारण लाखावा भाग. एखादा किरण योगायोगाने लागतो आणि तोच पांढरा ठिपका म्हणून दिसतो.

याच अडचणीवर संशोधकांनी बरीच वर्षं काम केलं आहे. १९९६ साली हेन्रिक वान जेन्सन यांनी फोटॉन मॅपिंग मांडलं. त्यात सूर्याकडून फोटॉन सोडायचे, ते जिथे पडतात त्याची नोंद ठेवायची आणि मग कॅमेऱ्यातून ती नोंद वाचायची. १९९७ मध्ये एरिक वीच आणि लिओनिडास गिबास यांची मेट्रोपोलिस पद्धत आली. एक चांगला मार्ग सापडला की त्याच्या आसपासचे मार्ग ती धुंडाळते. आज व्ही-रे, कोरोना, लक्सकोअर यांत कॉस्टिक्ससाठी वेगळी सोय आहे, ती चालू करा. कोरोनात ती चौथ्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून मिळते.

ब्लेंडरमध्ये ३.२ या आवृत्तीपासून, २०२२ मध्ये, सायकल्समध्ये शॅडो कॉस्टिक्स आले. ते तीन ठिकाणी चालू करावं लागतं: सूर्याच्या दिव्यावर, जाळी पाडणाऱ्या पाण्यावर आणि जाळी झेलणाऱ्या तळावर. यातलं एक जरी राहिलं तरी काहीच दिसत नाही, आणि बहुतेकांचं तिथेच अडतं. ही सोय पाण्याखाली पडणाऱ्या जाळीपुरतीच आहे. पाण्यावरून परावर्तित होऊन छतावर जाणारा उजेड त्यातून मिळत नाही.

आणि क्लॅम्प, म्हणजे प्रखर उजेडावर घातलेली कमाल मर्यादा, बघा. ठिपके घालवायला कुणीतरी क्लॅम्प इनडायरेक्ट खूप खाली आणलेला असतो. तो ठिपक्यांबरोबर जाळीही कापून टाकतो.

डिनॉईझर लावला की जाळी पुसली जाते. काय करावं?

डिनॉईझर, म्हणजे रेंडरमधला दाणा पुसणारं साधन, टाइलच्या रेषा जपतो, कारण अल्बेडो (नुसता रंग) आणि नॉर्मल (पृष्ठभागाची दिशा) यांच्या वेगळ्या चित्रांत, म्हणजे पासमध्ये, त्या स्वच्छ दिसतात. उजेडाची जाळी त्या दोन्ही पासमध्ये नसतेच. तिला नॉईज समजून तो लोण्यासारखी फासून टाकतो. म्हणून पूलचा भाग वेगळा, जास्त सॅम्पलवर रेंडर करा, किंवा डिनॉईझ केलेलं आणि न केलेलं अशी दोन्ही चित्रं पोस्टमध्ये मिसळा. पाण्यातल्या जाळीत थोडा दाणा राहिला तर डोळ्याला बोचत नाही, पुसलेली जाळी मात्र लगेच कळते.

सूर्य कुठे ठेवायचा? आम्ही नेहमी चित्र छान दिसेल तिथे ठेवतो.

याच प्रश्नावर मला सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं. ठाणे साधारण १९.२ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे आपल्याकडे सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो, मे महिन्याच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस. २१ जूनला तर तो दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारीही तो दक्षिणेकडे सुमारे ४७ अंशांपर्यंतच चढतो. माध्यान्हही घड्याळी बाराला नसते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरची, आपण जवळपास ७३ वर, म्हणून इथे सूर्य बारा वीस ते बारा पन्नासच्या दरम्यान माथ्यावर येतो. सॉफ्टवेअरमध्ये शहर, तारीख आणि साडेपाच तासांचा टाइम झोन भरा, उत्तर दिशा नकाशावरून लावा. परदेशातलं ठिकाण तसंच राहिलेल्या फाइली खूप दिसतात आणि त्यांत सूर्य उत्तर युरोपासारखा तिरपा पडलेला असतो.

सूर्याचा आकार ०.५३ अंशच ठेवा. या आकारामुळे १.२ मीटर खोलीवर रेघेची कड आठ-नऊ मिलिमीटर मऊ होते, म्हणजे २० मिलिमीटरच्या मोझॅक टाइलच्या निम्म्याहून जरा कमी. सूर्य बिंदूइतका केला तर जाळी सुरीने कापल्यासारखी येते, दोन-चार अंशांचा केला तर विरघळून जाते.

तपासून बघायला सोपी अशी आणखी एक गोष्ट. सूर्य कितीही खाली गेला तरी पाण्यात शिरलेला किरण उभ्या रेषेपासून ४८.६ अंशांपलीकडे झुकत नाही. त्यामुळे काठोकाठ भरलेल्या १.२ मीटर खोल पूलमध्ये कडेच्या भिंतीची सावली तळावर १.३६ मीटरच्या पुढे जाऊच शकत नाही. तुमच्या संध्याकाळच्या रेंडरमध्ये ती तीन मीटर गेली असेल तर पाण्याचा अपवर्तनांक लागलेलाच नाही.

एचडीआरआय, म्हणजे उजेडाची मापं साठवणारा आभाळाचा चौफेर फोटो, वापरत असाल तर त्यातल्या सूर्याचा प्रखरपणा पुष्कळदा कापलेला असतो. आभाळ एचडीआरआयचं घ्या आणि सूर्य वेगळा लावा, दोघांची दिशा जुळवून.

आमचा पूल दोन टॉवरच्या मध्ये आहे. खरा सूर्य लावला तर तो सावलीत जातो, आणि बिल्डरला ऊन हवंय.

आधी सावल्यांचा अभ्यास करून बिल्डरपुढे ठेवा. हिशोब साधा आहे. १०० मीटर उंच टॉवरची सावली डिसेंबरच्या दुपारी उत्तरेकडे ९० मीटरपेक्षा जास्त लांब पडते. पूल टॉवरच्या उत्तरेला २५ मीटरवर असेल तर त्या दिवसांत भर दुपारीही त्याच्यावर ऊन येत नाही. मेच्या मध्यावर मात्र तोच पूल उन्हाने भरतो. म्हणजे उन्हातला पूल दाखवायचा असेल तर मे महिन्यातली दुपार निवडा. ते चित्र खरंही असेल आणि देखणंही.

जागेनुसार तासही बदलतात. घोडबंदर पट्ट्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर आहेत, तिथे संध्याकाळचं ऊन लवकर जातं, त्यामुळे मावळतीच्या सोनेरी व्ह्यूचा हट्ट तिथे अवघड आहे. नवी मुंबईत पाम बीच रोडकडच्या इमारतींना पश्चिमेला खाडी मोकळी मिळते, तिथे खालचं ऊन उशिरापर्यंत राहतं. तोच हट्ट इथे सहज पुरा होतो.

वर्षभरात कधीच ऊन न येणाऱ्या कोपऱ्यात जाळी रंगवू नका, हे मी आग्रहाने सांगतो. कुणीतरी आयुष्यभराची पुंजी घालून घर घेतं आणि सकाळी मुलांना त्या पूलवर नेण्याचं चित्र मनात धरतं. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम १२ हेच सांगतं: जाहिरातीतल्या किंवा माहितीपत्रकातल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, भरपाई द्यावी लागते. बिल्डरशी बोलताना हा मुद्दा कामाला येतो. सावलीतला पूलही सुंदर करता येतो. तिथे पाणी आभाळाचं आणि झाडांचं प्रतिबिंब धरतं, टाइलचा खरा रंग दिसतो.

पावसाळी आभाळाखालच्या पूलमध्ये जाळी दाखवायची का?

नाही. ढगाळ आभाळातून उजेड सगळीकडून येतो, माथे किरण जुळवतात ते वेगवेगळ्या जागी, आणि जाळी पुसली जाते. ढगाळ एचडीआरआयवर जाळीचं टेक्स्चर चिकटवलेली चित्रं जून ते सप्टेंबरच्या मोहिमांत दिसतात. ती टाळा.

पर्गोलाच्या किंवा पोडियमच्या छतावर हलता उजेड दाखवायचा आहे. तीच जाळी वापरू का?

ती वेगळी असते. गॅलरीत सकाळच्या उन्हात पाण्याने भरलेली परात ठेवा, काठाला टिचकी मारा आणि छताकडे बघा. तळावरच्या जाळीसारखी घरं तिथे दिसत नाहीत. लांब, सुटे, सळसळणारे पट्टे दिसतात. कारण असं: पृष्ठभाग एक अंश कलला तर परावर्तित किरण दोन अंश हलतो, पाण्यात शिरणारा किरण मात्र पाव अंशच. आठपट फरक. त्यामुळे वरचा उजेड लवकर फाकतो आणि जोरात नाचतो.

शिवाय तो सूर्याच्या उंचीवर अवलंबून असतो. डोक्यावरच्या सूर्याचा फक्त दोन टक्के उजेड पाण्यावरून परततो. सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असताना १३ टक्के, १० अंशांवर असताना ३५ टक्के. दुपारच्या व्ह्यूमध्ये छतावर झगझगीत पट्टे नकोत. सकाळ-संध्याकाळच्या व्ह्यूमध्ये ते हवेतच.

रात्रीच्या व्ह्यूमध्ये पाण्याखालच्या दिव्यांची जाळी कशी येते?

दिवा भिंतीत असतो आणि समोर उजेड टाकतो. त्याचे बहुतेक किरण पृष्ठभागाला खालून फार तिरपे लागतात, ४८.६ अंशांपलीकडे, आणि पूर्णपणे आत परततात. म्हणून हलता उजेड मुख्यतः तळावर आणि समोरच्या भिंतीवर दिसतो, बाहेरच्या झाडांवर थोडाच. दिव्याजवळ उजेड दाट आणि पुढे विरत जाणारा ठेवा. सगळा पूल सारखा पेटलेला दाखवला की तो दिव्याच्या पेटीसारखा दिसतो.

पाण्याला निळा रंग किती द्यायचा?

जवळजवळ देऊच नका. शुद्ध पाण्याच्या एक मीटर थरात तांबड्या उजेडाचा, म्हणजे ६५० नॅनोमीटरच्या आसपासचा, साधारण २९ टक्के भाग शोषला जातो, निळ्याचा एक टक्काही नाही. तेवढ्याने चार फुटांवर पाण्याला हलकी हिरवट-निळी छटा येते. पूल निळा दिसतो तो मुख्यतः निळ्या टाइलमुळे. टाइलचा नमुना आर्किटेक्टकडून मागवा आणि तिचा खरा रंग लावा. रंग पृष्ठभागाला न देता आतल्या शोषणाला द्या, म्हणजे बेबी पूल फिकट आणि खोल टोक गडद आपोआप होईल. खोली डोळ्याला पाऊणपटच दिसते. अपवर्तनांक लागला की तेही आपसूक जमतं.

जाळी बरोबर आली, पण उभ्या माणसाच्या नजरेच्या व्ह्यूमध्ये दिसतच नाही.

असंच असायला हवं. कॅमेरा १.६ मीटर उंचीवर असेल तर पाच मीटरवरच्या पाण्यात साधारण १६ टक्के प्रतिबिंब असतं, १५ मीटरवर निम्म्याहून जास्त. जवळ तळ दिसतो, दूर आभाळ आणि इमारती. जाळी दाखवायची असेल तर कॅमेरा वर न्या, किंवा पायऱ्यांचा कोपरा जवळ घ्या. ड्रोनच्या व्ह्यूमध्ये ती पूर्ण खुलते.

कॉम्प्युटर साधा आहे, मुदत उद्याची आहे. तयार टेक्स्चर चालेल का?

चालेल, पण स्वतःचं बनवा. पूलचा तळ, पाणी आणि सूर्य एवढंच फाइलमध्ये ठेवून वरून ऑर्थोग्राफिक (लांब-जवळचा फरक न दाखवणाऱ्या) कॅमेऱ्याने जाळी रेंडर करा, ३२ बिट ईएक्सआर या, प्रखरपणा न कापणाऱ्या, फाइलमध्ये साठवा आणि तळावरच्या उजेडाला गुणा. भिंती आणि पायऱ्यांवर ती पाण्यातल्या किरणांच्या दिशेनेच प्रोजेक्ट करा. व्होरोनॉय टेक्स्चरची (सॉफ्टवेअर सूत्राने काढून देतं त्या घराघरांच्या नक्षीची) जाळी घाईत भागवते, पण तिच्या सगळ्या रेघा सारख्या जाडीच्या येतात. खऱ्या जाळीत गाठी प्रखर असतात आणि रेघा मध्येच विरतात. छत्री, झाड किंवा रेलिंगची सावली जिथे पडते तिथे टेक्स्चर झाकायला (मास्क करायला) विसरू नका. रेलिंगची सावलीही पाण्यात सरळ राहत नाही, ती तुटक-वळणदार होते आणि तिच्या कडेला उजळ रेघ असते.

अ‍ॅनिमेशनमध्ये पूल तळ्यासारखा मोठा का वाटतो?

लाटा हळू चालल्यामुळे. २० सेंटिमीटर लांबीची लाट सेकंदाला सुमारे ५६ सेंटिमीटर जाते, ३० सेंटिमीटरची ६८. डोळा वेगावरून आकार ओळखतो. लाटा संथ केल्या की ठाण्याच्या मासुंदा तलावाच्या काठी बसल्यासारखं वाटतं, पोडियमवर नाही. आधी लांबी ठरवा, मग वेग तिच्यावरून लावा. लांबी चौपट केली तर वेग दुप्पट. चार-पाच सेकंदांचा लूप हवा असेल तर चार मितींचा नॉईज घ्या, लूपच्या काळात त्यातले दोन अक्ष वर्तुळात फिरवा आणि उरलेल्या दोघांवर पाण्याचा पृष्ठभाग ठेवा. लूपचं शेवटचं आणि पहिलं चित्र जुळेल आणि सांधा दिसणार नाही.